मागचा कारागीर

जुन्या वस्तूंच्या धंद्यात एक रीत आहे. वस्तू टेबलावर आली, की तिला हात लावायच्या आधी मागच्या कारागिराला शिव्या घालायच्या. मागचा म्हणजे आपल्या आधी कधीतरी ज्यानं ती दुरुस्त केली तो. त्याचं नाव कुणाला माहीत नसतं, बहुतेक वेळा तो या जगातही नसतो, आणि बाबा रे, एवढ्या नाजूक कोपऱ्यात तू हा भलामोठा खिळा काय म्हणून ठोकलास, हे त्याला विचारायची काही सोय नसते. त्यामुळे शिव्या घालायला त्याच्याइतका सोयीचा माणूस दुसरा नाही. तो उलटून बोलत नाही.

पॉलिशवाल्या ताई ही रीत अगदी मनापासून पाळायच्या. बाजारातले सगळे त्यांना ताईच म्हणायचे, त्यांच्यापेक्षा वयानं मोठे होते तेसुद्धा. साठी आली होती. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोटं लाखेनं कायमची तपकिरी झालेली, आणि तोंड असं, की गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरच आपली वस्तू कशी आणि का बिघडली याची मनात उजळणी करून घ्यायचं. दुकान म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांच्या नवऱ्याचं टेबल. ते घड्याळजी. चावीची, लंबकाची, स्प्रिंगची जी जी वस्तू असेल ती त्यांची. लाकडाचं जे जे असेल ते मागच्या खोलीत ताईंचं. पस्तीस वर्षं ही वाटणी चालत आली होती आणि पस्तीस वर्षं ताईंची एकच तक्रार होती, की पॉलिश वाळायच्या आत हा माणूस बोटानं दाबून बघतो.

"बघू दे की, वाळलंय का."

"वाळलं असतं. आता तुमचा ठसा वाळेल."

घड्याळजी हसायचे. त्यांना राग येत नसे आणि ताईंना नेमका त्याचाच राग येई.

या महिन्यात टेबलावर जी वस्तू आली होती ती मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. ती ताईंच्या माहेरची होती. चावीचा ग्रामोफोन, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या तोंडी फोनो. कमरेइतक्या उंचीचं कपाट, वर झाकण, खाली आवाज बाहेर यायला दोन लहान दारं, आणि उजव्या बाजूला हँडल घालायचं भोक. वडील बुकबाइंडर होते. आयुष्यात त्यांनी हौसेनं घेतलेली ही एकच वस्तू. पन्नास वर्षांपूर्वी ती एका दुपारी बंद पडली ती पुन्हा वाजलीच नाही. वडिलांनी दुरुस्त करून घेतली नाही. "पुन्हा मोडायलाच ना?" असं म्हणाले आणि झाकण लावून टाकलं. त्यानंतर आईनं वर फुलदाणी ठेवली, आणि कपाटाचं टेबल झालं.

मोडला कुणी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंच्या धाकट्या भावानं. सात वर्षांचा होता. वडील घरात शिरले तेव्हा आतून बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला होता आणि पोरगं हँडल हातात धरून उभं होतं. त्याला मार बसला तो बसलाच, शिवाय नाव पडलं, मोड्या. पुढे तो मोठा झाला, त्याला मिशा फुटल्या, लग्न झालं, तरी घरात मोड्याच. पाहुण्यांना चहा द्यायचा झाला तर आई ट्रे त्याच्या हातून काढून घ्यायची. काही पडल्याचा आवाज आला तर, तो घरात आहे की नाही हे न बघताच त्याच्या नावानं हाक जायची.

ताईंचं याच्या बरोबर उलट. फोनोवरची धूळ पुसायचं काम त्या दिवसापासून त्यांच्याकडे आलं. वडील आल्यागेल्याला सांगायचे, "पोरीच्या हाताला वळण आहे. वस्तू टिकवणारा हात आहे." या एका वाक्यावर ताईंनी आयुष्य उभं केलं. एकोणिसाव्या वर्षी फर्निचरच्या कारखान्यात गेल्या. तिथे सगळे पुरुष, आणि मुकादम म्हणायचा की बाईमाणसाला पॉलिश जमत नाही, धीर नसतो. ताईंनी एका कपाटाच्या दारावर बावीस हात दिले आणि मुकादमाला त्यात त्याचं स्वतःचं तोंड दाखवलं.

वडील गेले तेव्हा फोनो ताईंकडे आला. भावानं त्या घरातलं दुसरं काही मागितलं नव्हतं. भांडी नको, खाट नको, शिवणयंत्र नको. एवढंच म्हणाला होता, "ताई, फोनो मला देशील?" ताई म्हणाल्या, "देईन, आधी नीट तर करते." आणि फोनो घोंगडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. त्याला अकरा वर्षं झाली. दर वर्षी तो विचारायचा आणि दर वर्षी ताई म्हणायच्या, वेळ मिळाला की करते. वेळ होता. पण त्याच्या हाती दिला तर आठवड्यात पुन्हा मोडेल, या भीतीनं त्यांचा हात माळ्याकडे जात नव्हता. हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं आणि भावाला सांगितलं नव्हतं.

आता भाऊ रिटायर झाला. बत्तीस वर्षं त्यानं बस चालवली. निरोप समारंभात त्याला एक तसबीर मिळाली, त्यात लिहिलं होतं की बत्तीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. तसबीर घेऊन तो थेट ताईंच्या दुकानात आला. ताईंनी ती बघितली, आणि आधी चौकटीच्या सांध्यात राहिलेली फट दाखवली. तो म्हणाला, "ताई, आता मला दिवसभर काम नाही. फोनो दे ना." घड्याळजी पुढच्या खोलीतून म्हणाले, "तीन आठवड्यांनी रविवारी ये आणि घेऊन जा." ताईंना विचारलंसुद्धा नाही. त्या रात्री दुकान बंद करेपर्यंत ताई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. अर्थात, सूचना सोडून.

तर फोनो खाली आला, आणि ताईंच्या डोक्याला ताप सुरू झाला.

झाकणावर फुलदाणीची गोल गोल पांढरी वर्तुळं, एकात एक. ती आईची. ताई आईलाही सोडत नव्हत्या. "एक फडकं घालायला काय झालं होतं?" त्याखाली कुणीतरी मेण चोळलेलं, मेणात धूळ बसलेली, धुळीवर पुन्हा मेण. ते सगळं स्पिरिटनं काढण्यात चार दिवस गेले. दर सकाळी दहाला भावाचा फोन.

"ताई, झालं का?"

"लाकूड आहे ते. चहा नव्हे, आधण ठेवलं आणि झाला."

"नाही, सहज विचारलं."

"सहज विचारायला तुला दुसरी बहीण नाही का?"

नव्हती. तो दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा फोन करायचा. रिकाम्या माणसाइतका वक्तशीर कुणी नसतो, असं ताई म्हणायच्या.

त्याच दिवसांत त्या एक यादीही लिहीत होत्या. मोठ्या कागदावर, मोठ्या अक्षरात, भावासाठी. हँडल पंचवीस फेरेच फिरवणे. झाकणावर काहीही ठेवू नये, 'काहीही' म्हणजे चष्मासुद्धा. पिन दर वेळी नवी. ओलं फडकं लावू नये. उन्हात ठेवू नये. शेजाऱ्यांच्या पोरांना दाखवू नये. यादी अठरा कलमांवर गेली तेव्हा घड्याळजी म्हणाले, "अगं, तो बस चालवत होता. विमान दिलं असतं तरी इतक्या सूचना नसत्या."

"तुम्ही तुमच्या स्प्रिंगकडे बघा."

कपाटाच्या कडेची पट्टीही नवी करायची होती. सतरा इंचाचे सात तुकडे. ताईंनी मनाशी गुणाकार केला, लाकूडवाल्याकडून एकशे सतरा इंच पट्टी कापून आणली, आणि शेवटचा तुकडा दोन इंच आखूड पडला. सतराच्या पाढ्याशी त्यांचं लहानपणापासून वाकडं. सात आला की त्यांची गाडी रुळावरून घसरायची, ती त्यांच्या साठीतही घसरत होती. घड्याळजींनी नुसतं वर बघितलं. "लाकूडवाल्यानं कमी कापलं," असं ताई म्हणाल्या, आणि पुन्हा जाऊन आल्या.

पाचव्या दिवशी मागचा कारागीर सापडला.

हँडलच्या भोकाभोवतीचं विनियर, म्हणजे वरचा पातळ लाकडी पापुद्रा, फुगलेलं दिसत होतं. ताईंनी नखानं टकटक केलं. एका जागी पोकळ, एका जागी भरीव, एका जागी काहीतरी मधेच. गरम पातं घालून त्यांनी पापुद्रा उचलायला सुरुवात केली आणि आत बघून कपाळाला हात लावला.

"अहो! इकडे या! बघा, काय केलंय या दीडशहाण्यानं!"

घड्याळजी आले. आत सरस होता. सरस म्हणजे सुतार आणि बुकबाइंडर वापरतात तो, गरम करून लावायचा. पण हा लावलेला नव्हता, ओतलेला होता. पाणी घालून इतका पातळ केलेला, की ओघळून भोकातून आत गेला होता, आणि जाता जाता जिथे चिकटायला हवं होतं तिथे अजिबात चिकटला नव्हता.

"सरस लावतात की कपाटाला आंघोळ घालतात? आणि हा बघा, दाब दिलेलाच नाही. नुसतं हातानं दाबून धरलं असणार. हातानं! सरस वाळेपर्यंत हा गाढव काय तिथेच उभा होता?"

"असेल बुवा."

"बाबांनी कुणाला बोलावलं होतं कोण जाणे. माणसं ओळखता येत नव्हती त्यांना. कुणीही यावं आणि आपण कारागीर आहोत म्हणून सांगावं."

तीन दिवस ताईंच्या तोंडाचा पट्टा चालू होता. मागच्या कारागिराच्या बापजाद्यांपर्यंत त्या पोचल्या. गिऱ्हाइकांना आत बोलावून त्यांनी तो सरस दाखवला. टपालवाल्याला दाखवला. "असल्या माणसाचे हात बांधून ठेवायला पाहिजेत," असं त्यांनी टपालवाल्याला सांगितलं, आणि त्या बिचाऱ्यानं पत्र दिलं व मान डोलावली.

घड्याळजी एवढं मात्र म्हणाले, "त्याची नियत चांगली होती, असं दिसतंय. सांधायचं होतं त्याला."

"नियतीला काय चाटायचंय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी खालचा कोपरा सुटला. तिथे पापुद्र्याखाली कागद निघाला. फट भरायला कुणीतरी वहीच्या कागदाची घडी घातली होती. ताईंनी नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं, पण घडी बघून थांबल्या. घडी फार नीट होती. चार पदरी, कडेला कड, घडीवर नख फिरवून बसवलेली. बुकबाइंडरच्या घरातलं माणूसच अशी घडी घालतं. त्यांना वाटलं, म्हणजे बाबांनीच केलं की काय हे? बाबांना इतके दिवस आपण शिव्या देतोय?

त्यांनी बशीत कोमट पाणी घेतलं आणि कागद त्यात सोडला. सरस सुटायला वीस मिनिटं लागली. मग चिमट्यानं एक एक पदर उलगडत त्यांनी तो काचेवर पसरला आणि चष्मा लावला.

पेन्सिलीनं लिहिलेला सतराचा पाढा होता. गोल, मोठं, पोरीचं अक्षर. सतरा सातापुढे एकशे सतरा लिहिलं होतं आणि त्यावर मास्तरांची लाल फुली होती.

ताई खुर्चीवर बसल्या. पुढच्या खोलीत दहाबारा घड्याळं चालू होती आणि आज त्यांचा आवाज त्यांना सहन होत नव्हता.

आठवलं ते तुकड्यातुकड्यानं आठवलं. फोनोचा तो पापुद्रा आधीच उचकटलेला होता. त्यांचं दप्तर लागून आणखी निघाला. बाबा ओरडतील म्हणून बाबांच्याच भांड्यातला सरस आणला. तो घट्ट होता म्हणून पाणी घातलं. मग एक आख्खी दुपार तळहातानं दाबून धरून उभ्या राहिल्या होत्या. हात भरून आला होता तरी सोडला नव्हता. किती अभिमान वाटला होता त्या दिवशी, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. आयुष्यातलं पहिलं काम ते. ते त्या साफ विसरल्या होत्या. विसरल्या होत्या की विसरायचं ठरवलं होतं, हे आता त्यांना सांगता येईना, आणि त्यामुळे त्या स्वतःवरच चिडल्या.

घड्याळजी पाणी प्यायला आत आले. त्यांनी काचेवरचा कागद वाचला. ताईंचा सतराचा पाढा त्यांना पस्तीस वर्षं माहीत होता. ते बाहेर गेले आणि एका ताटलीत फोनोच्या यंत्राचा एक गिअर घेऊन परत आले.

"हे मी तुला परवाच दाखवणार होतो. पण तू त्या माणसाला इतक्या शिव्या देत होतीस की म्हटलं, आणखी तेल कशाला ओता."

गिअरचे दात दिसत नव्हते. दातांच्या खाचा पिवळ्या, काचेसारख्या कडक सरसानं भरल्या होत्या.

"भोकातून ओघळला तो इथे आला," घड्याळजी म्हणाले. "दातात दात बसायला जागाच नाही. हँडलला जोर लावला की गिअर घसरणार. घसरला की भरलेली स्प्रिंग एका दमात सुटणार. पहिलवानानं फिरवला असता तरी तेच झालं असतं आणि पोरानं फिरवला तरी तेच."

"म्हणजे मोड्यानं मोडला नाही."

"नाही."

"मी मोडला."

घड्याळजींनी ताटली टेबलावर ठेवली. "मी गिअर धुऊन काढतो. कुणी विचारलं तर यात काय होतं ते सांगेन. विचारलं नाही तर नाही. तुझं तू ठरव."

असा नवरा असण्याचा हाच वैताग असतो. भांडायला कारण म्हणून ठेवत नाही.

पुढचे दोन आठवडे ताईंनी काम केलं, आणि ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. सगळा जुना सरस खरवडला. पापुद्रा पुन्हा बसवला, चार क्लॅम्प लावून दोन दिवस हलवला नाही. जिथे तुकडा गेला होता तिथे रेषेला रेष जुळणारं विनियर शोधून भरलं. मग कापसाच्या पुरचुंडीनं लाखेचे हात. सकाळी दोन, दुपारी दोन, मधे वाळायला वेळ. आणि हात देता देता मनात एकच हिशेब. सांगायचं, की नाही? आईवडील गेले. मोड्याला या नावाची सवय झालेली. कुणाला काय फरक पडतो? मग लगेच दुसरं, की त्यालाच पडतो. मग पुन्हा, पण इतक्या वर्षांनी तोंड कसं उघडायचं?

दहाला फोन यायचा.

"ताई, झालं का?"

"होतंय. येत्या रविवारी मिळेल."

"ताई, तुला बरं नाही का?"

"का रे?"

"ओरडली नाहीस."

ताईंनी फोन ठेवून दिला आणि घड्याळजींवर ओरडून घेतलं. तेवढं तरी बरं वाटलं.

रविवारी तो नऊलाच आला. दहाची वेळ दिलेली, पण बसवाला, लवकर येणार. अंगात इस्त्रीचा शर्ट, बरोबर दोन नव्या चादरी, गाडीत गुंडाळून न्यायला. फोनो मागच्या खोलीत मधोमध उभा होता. भाऊ दारातच थांबला. खिडकीतून येणारा उजेड कपाटाच्या बाजूवर पडला होता आणि लाकडाच्या रेषा आतून उजळल्यासारख्या दिसत होत्या. त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. लहानपणी त्याला तशीच शिस्त लावली होती, की फोनोजवळ जाताना हात मागे.

ताईंनी अठरा कलमांचा कागद त्याच्या पुढे केला. त्यानं तो उभ्याउभ्या सगळा वाचला, मान डोलावत, आणि चौपदरी घडी करून खिशात ठेवला. "सांभाळीन ताई. अगदी डोळ्यांत तेल घालून."

त्याचं ते 'सांभाळीन' ऐकून ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर, ते त्यांनाही कळलं नाही.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "मला तुला काहीतरी सांगायचंय, आणि मधे बोलू नकोस. हा फोनो तू मोडला नाहीस. मी मोडला. विनियर निघालं होतं ते मी सरस घालून चिकटवलं, पातळ करून, तो आत गेला आणि गिअर जाम झाला. हा कागद बघ. हे माझं अक्षर. यांना विचार."

"खरं आहे," घड्याळजी पुढच्या खोलीतून म्हणाले.

भावानं कागद हातात घेतला नाही. ताईंच्या हातात असतानाच वाकून बघितला. बराच वेळ बघितला.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"तुला?"

"मला आत्ता कळलं. पंधरा दिवसांपूर्वी."

"सरस ओतला होतास, हे तर तुला तेव्हाच माहीत होतं."

ताईंना आयुष्यात कुणी असं अडवलं नव्हतं. मुकादमानंही नाही. "हो," त्या म्हणाल्या. "माहीत होतं. त्या सरसामुळे मोडलं हे माहीत नव्हतं. पण ओतला होता. आणि बाबा तुला मारत होते तेव्हा मी बोलले नाही."

तो रागावला असता तर ताईंना बरं झालं असतं, रागाला कसं तोंड द्यायचं ते त्यांना येत होतं. हा आपला चादरींच्या घड्या सारख्या करत होता. मग म्हणाला, "बाबा असते तर सांगितलं असतंस?"

"कोण जाणे," ताई म्हणाल्या. ते खरं होतं.

घड्याळजी हँडल घेऊन आत आले आणि त्यांनी ते भावापुढे धरलं. "आधी वाजवून तर बघ."

तो दोन पावलं मागे सरकला. "ताईला फिरवू दे. माझ्या हातून उगाच..."

"उगाच काय?" ताई कडाडल्या. "इतका वेळ मी काय सांगतेय? तुझ्या हाताला काही झालेलं नाही! बत्तीस वर्षं चाळीस माणसं पाठीवर घेऊन फिरलास, एक ओरखडा नाही, आणि हे एवढंसं फिरवायला घाबरतोस? धर ते! मी इथे आहे."

आणि आपलं दप्तर लागलेल्या, आपण दाबून धरलेल्या त्या जागेवर, भोकाशेजारी, त्यांनी नकळत तळहात ठेवला.

त्यानं हँडल भोकात घातलं. कुठेही न घासता, एका खेपेत. हळू फिरवायला लागला आणि मोठ्यानं मोजायला लागला. एक. दोन. तीन. कलमाप्रमाणे पंचवीस व्हायचे होते. एकोणीसला तो थांबला. हात तसाच ठेवून त्यानं मान कलती केली.

"ताई, घट्ट लागतंय," तो म्हणाला. "पुढे नको."

"बरोबर," घड्याळजी म्हणाले. "स्प्रिंग नवी आहे. एकोणीस पुष्कळ झाले. पंचवीस हिनं आपल्या मनानं लिहिलेत."

ताईंचा तळहात लाकडावर होता आणि त्यांना तो उचलता येईना. ताई, घट्ट लागतंय. हेच शब्द. त्यांची अशी आठवण होती, की तो आवाज झाला तेव्हा आपण आतल्या खोलीत होतो. आजवर त्यांनी सगळ्यांना तेच सांगितलं होतं. आतल्या खोलीत नव्हत्या त्या. इथे होत्या, अशाच उभ्या, हात अस्साच ठेवून; आवाज झाल्यावर आत पळाल्या होत्या. आपलं काम पक्कं बसलंय का, फिरवताना थरथरतंय का, ते बघायचं होतं त्यांना. त्यांनीच त्याला बोलावलं होतं. सात वर्षांचं पोर दोन्ही हातांनी हँडल फिरवत होतं, मधेच थांबलं होतं, आणि म्हणालं होतं.

"तेव्हाही तू थांबला होतास," ताई म्हणाल्या. "घट्ट लागतंय म्हणालास."

"हो."

"आणि मी म्हटलं..."

"'काय मुळमुळीत रे, फिरव जोरात.'" तो अगदी साधेपणानं म्हणाला, कालची गोष्ट सांगावी तसा.

"मग बाबांना सांगितलं का नाहीस तू? इतकी वर्षं गप्प कसा बसलास?"

"सांगितलं होतं की. लगेच सांगितलं, ताईनं फिरवायला सांगितलं म्हणून." त्यानं हँडल हळूच काढून घड्याळजींच्या हातात दिलं. "ते म्हणाले, वर खोटं बोलतोस? आणि आणखी दोन ठेवून दिल्या. मग परत नाही सांगितलं."

घड्याळजींनी टेबलावरची चिंधी उचलली आणि परत ठेवली. ताईंनी तळहात काढला. ताज्या पॉलिशवर त्यांच्या पाच बोटांचा ठसा उमटला होता. तो काढायचा तर अर्धा दिवस लागला असता. त्यांनी तो बघितला आणि फडक्याकडे हात नेला नाही.

"पिन नवी घाल," त्या म्हणाल्या.

भावानं डबीतून पिन काढली, बसवली, रेकॉर्ड ठेवली आणि पिनेची दांडी उचलून रेकॉर्डच्या कडेवर आणली. हात जरासुद्धा हलला नाही.